जनित्राची शक्ति आणि शेतकऱ्याची गरज

विजेवर चालणारें यंत्र शेतकऱ्याच्या घरीं आलें कीं त्याच्या मागोमाग विजेची काळजीहि घरांत येते. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथें २९२० मेगावॅट शक्तीचें औष्णिक विद्युत्-केंद्र उभें आहे, व तेथील वीज दूरदूरच्या शहरांस जाते. पण १९८२ सालापर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग असलेल्या गडचिरोलींत, एटापल्ली, कोरची, भामरागड या बाजूस, पावसाळ्यांत एखादें झाड तारेवर पडलें तर गांवेंच्या गांवें अंधारांत राहतात. पर्लकोटेच्या पुरानें आजवर कित्येक पावसाळ्यांत भामरागडचा मार्ग तुटला आहे. आणि जेथें माणूस पोहोंचत नाहीं तेथें तार दुरुस्त करणारा तरी कसा पोहोंचणार? दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. परंतु त्याची कारणमीमांसा हा आजचा विषय नव्हे. वीज नसेल त्या वेळीं शेतकऱ्यानें काय करावें, आणि जें करावयाचें तें हिशेबानें कसें करावें, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ घरांतील दिव्यापंख्याचा असता तर त्यासाठीं या मासिकाचीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. झाडीपट्टींतील भारी धान आश्विनांत गर्भावर येतो व निसवतो. त्या आठ-पंधरा दिवसांत बांधीला पाण्याची ओढ बसली तर लोंबी बाहेर येते पण दाणा भरत नाहीं. पुढें कितीहि पाणी दिलें तरी पोचट गेलेला दाणा भरून येत नाहीं. चार महिन्यांची मेहनत एका पाण्यावाचून वायां जाते. दुसरी गोष्ट याहूनहि गंभीर आहे. शेतपंपाच्या विजेच्या पाळ्या गेलीं कित्येक वर्षें कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं अशा चालत आल्या. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत रात्रीच्या पाळीस बांधीवर जाणें म्हणजे काय, हें वाघाच्या वावरांत राहणारा शेतकरीच जाणतो. २०१७ सालापासून सौर कृषि वाहिनीची योजना राज्यांत निघाली, तिचा हेतु दिवसा वीज मिळावी हाच आहे, व जेथें ती पोहोंचली तेथें तिचें आम्ही स्वागतच करतों. पण जेथें वाहिनी पोहोंचली नाहीं, किंवा पोहोंचूनहि ऐन वेळीं बंद पडते, तेथें स्वतःचें उचलतें जनित्र, ज्यास आपण सर्व जनरेटर म्हणतों तें, घ्यावें असें पुष्कळांच्या मनांत येतें. तें येणें स्वाभाविक आहे.

तथापि जनित्र विकत घेण्याची आपली रीत आम्हांस मान्य नाहीं. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खांदा पाहतों, चालवून पाहतों. जनित्र घेतांना मात्र शेजाऱ्याकडे कोणतें आहे व दुकानदार कोणतें देतो, या दोनच गोष्टी पाहिल्या जातात. परिणाम असा होतो कीं कोणाच्या घरीं लहान जनित्र येतें व त्यावर पंप उचलत नाहीं. कोणाच्या घरीं मोठें येतें व तें चार दिवे लावण्यासाठीं तासागणिक इंधन पितें. पहिल्यांत मोटारीचें वेष्टण जळतें, दुसऱ्यांत पैसा जळतो. दोन्हींचें मूळ एकच, आणि तें म्हणजे गरज न मोजतां केलेली खरेदी.

जनित्रावरील आंकडे कसे वाचावे:— जनित्राच्या पाटीवर बहुधा दोन प्रकारचे आंकडे असतात. एक किलोवॅटचा व दुसरा किलोव्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे ज्यास बाजारांत केव्हीए म्हणतात तो. हे दोन एक नव्हत. मोटारीसारखें यंत्र जेवढा प्रवाह ओढतें तेवढ्या सर्वांचें काम होत नाहीं. त्यांतील कांहीं भाग केवळ चुंबकत्व राखण्यांत जातो व परत येतो. म्हणून ५ केव्हीएचें जनित्र सामान्यतः ४ किलोवॅटचेंच काम देतें असें धरावें. दुसरें असें कीं पाटीवर पुष्कळदां कमाल शक्ति मोठ्या अक्षरांत व सतत चालण्याची शक्ति लहान अक्षरांत असते. कमाल शक्ति म्हणजे जनित्र थोडा वेळ देऊं शकेल ती. तासन् तास पाणी देण्यास ती उपयोगी नाहीं. हिशेब नेहमीं सततच्या शक्तीवर करावा. शिवाय एंजिनाची शक्ति साधारण २५ अंश उष्णतेवर मोजलेली असते. त्यापुढें दर पांच-सहा अंशांस सुमारें एक टक्का घट धरण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हां उन्हाळी पिकास पाणी देणाऱ्यानें चार टक्के घट धरावी, व जनित्र छपराच्या सावलींत पण मोकळ्या वाऱ्यावर ठेवावें.

घरचा हिशेब:— आतां एका साध्या घराची गरज मोजूं. ९ वॅटचे सहा दिवे म्हणजे ५४ वॅट, ७५ वॅटचे तीन पंखे म्हणजे २२५, दूरदर्शन-संच ८०, तीन भ्रमणध्वनि भरण्यास ३०. बेरीज ३८९ वॅट. त्यांत शीतकपाट असेल तर तें चालू असतां सुमारें १५० वॅट घेतें, म्हणजे एकूण ५३९ वॅट झाले. पण शीतकपाटांत मोटार आहे, व मोटार सुरू होतांना क्षणभर चौपट ते सहापट प्रवाह ओढते. तो क्षण ९०० वॅटचा धरला तरी एकूण ओढ १३०० च्या आंतच राहते. याचा अर्थ असा कीं सतत दीड किलोवॅट देणारें जनित्र या घरास पुरून उरतें. शीतकपाट नसेल तर जनित्राचें नांवच काढूं नये. चारशें वॅटांसाठीं बॅटरी व इन्व्हर्टर, अथवा छपरावरील लहान सौर संच, अधिक स्वस्त पडतो, व रात्रभर घराशेजारीं यंत्राचा धडधडाट होत नाहीं.

मात्र एक जपावें. इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी, विजेची शेगडी हीं उष्णतेचीं उपकरणें दिसण्यांत लहान पण ओढण्यांत मोठीं आहेत. इस्त्री ७५० ते १००० वॅट घेते, शेगडी २००० पर्यंत जाते. जनित्रावर यांपैकीं कांहींच लावूं नये. ज्या मुलुखांत सरपण आहे व बहुतेक घरीं गॅसहि आला आहे, तेथें पेट्रोल जाळून वीज करणें व ती वीज जाळून पाणी तापविणें यास शहाणपण म्हणतां येत नाहीं.

पंपाचा हिशेब:— खरी गोम पंपांत आहे. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट, म्हणून एक अश्वशक्तीच्या पंपास ७४६ वॅट पुरतील असें पुष्कळजण समजतात. पण ७४६ वॅट ही मोटारीनें दिलेली शक्ति झाली; तिनें घेतलेली नव्हे. एका फेजवर चालणाऱ्या लहान मोटारी घेतलेल्या विजेपैकीं निम्म्याहून थोडी अधिक वीजच कामास लावतात, बाकीची उष्णतेंत जाते. म्हणून एक अश्वशक्तीचा पंप चालू असतां सुमारें १३०० वॅट घेतो, आणि सुरू होतांना त्याच्या चौपट-पांचपट ओढतो. २ केव्हीएच्या जनित्रावर तो पंप लावला कीं काय होतें? एंजिन घोगरें होतें, विजेचा दाब पडतो, मोटार गुणगुणते पण फिरत नाहीं. न फिरणारी मोटार सुरू होण्याचा मोठा प्रवाह ओढीतच राहते, व कांहीं मिनिटांत वेष्टणाचा वास येऊं लागतो. अशा पंपास ४ ते ५ केव्हीएचें जनित्र पाहिजे.

तीन फेजच्या ५ अश्वशक्तीच्या पंपाचें गणित पाहा. त्याचें काम ३.७३ किलोवॅटचें. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती ४.६६ किलोवॅट घेते. शक्तिगुणक ०.८ धरला म्हणजे ५.८ केव्हीए झाले. या आंकड्यास भुलून ७.५ केव्हीएचें जनित्र घेणारा फसतो. कारण सरळ सुरू केलेली मोटार सहापट प्रवाह मागते, म्हणजे क्षणभर ३५ केव्हीएच्या आसपास ओढ बसते. जनित्र क्षणभर आपल्या शक्तीच्या वर जाऊं शकतें, पण त्यालाहि सीमा आहे. व्यवहाराचा नियम असा कीं सरळ सुरू होणाऱ्या पंपास जितकी अश्वशक्ति त्याच्या अडीच ते तीन पट केव्हीए, व स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर दुप्पट केव्हीए धरावे. ५ अश्वशक्तीस पहिल्या रीतीनें १२.५ ते १५, दुसऱ्या रीतीनें १०. स्टार-डेल्टांत सुरू होतांनाचा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो, हें त्याचें कारण. तेव्हां मोठें जनित्र घेण्यापूर्वीं चांगला स्टार्टर घ्यावा. त्याची किंमत जनित्रांतील फरकापुढें कांहींच नाहीं. बोअरमधील पाणबुडी मोटारीची कार्यक्षमता याहून कमी असते, म्हणून तेथें वरच्या आंकड्याकडे झुकावें.

आणखी एक सोपी युक्ति आहे, तिला पैसा लागत नाहीं. सर्वांत मोठी मोटार आधीं सुरू करावी, ती वेगांत आली म्हणजे दुसरी, व शेवटीं दिवे-पंखे. उलट क्रमानें गेल्यास जें जनित्र पुरलें असतें तेंच अपुरें पडतें.

तारेकडे दुर्लक्ष नको. जनित्र खळ्यांत व पंप बोडीवर, मध्यें शंभर मीटर बारीक तार, असें चित्र सर्वत्र दिसतें. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जातां-येतां रोध इतक्या अंतरावर सुमारें २.४ ओहम होतो. ७ अँपिअरवर १७ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. आणि सुरू होतांना २८ अँपिअर ओढले गेले तर ६८ व्होल्ट जातात, म्हणजे २३० पैकीं १६२ च पंपाजवळ पोहोंचतात. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, म्हणून तेथें तिच्यांत निम्माच जोर उरतो. दोष तारेचा व बोल जनित्रास, असा प्रकार होतो. जनित्र उचलतें आहे तर तें उचलून पंपाजवळ न्यावें. तार लांबवूं नये.

मोठें म्हणजे चांगलें नव्हे:— येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सर्वांत मोठें जनित्र घेतलें कीं चिंता मिटली. तसें नाहीं. पेट्रोलचें लहान जनित्र पूर्ण भारावर चालत असतां एका युनिटास साधारण अर्धा लिटर किंवा थोडें अधिक पेट्रोल घेतें. म्हणजे आजच्या शंभर रुपयांवरील दरानें युनिट पन्नास-साठ रुपयांस पडतें. भार चतुर्थांश केला म्हणून इंधन चतुर्थांश होत नाहीं, तें निम्म्याच्या आसपासच राहतें, व युनिटाची किंमत जवळजवळ दुप्पट होते. डिझेलचें एंजिन दीर्घकाळ तीस टक्क्यांहून कमी भारावर चालविलें तर तें पुरतें तापत नाहीं. न जळलेलें इंधन व काजळी नळींत सांचते, धूर होतो, व एंजिनाचें आयुष्य घटतें. रिकाम्या बंडीस चार बैल जुंपण्यासारखेंच हें आहे.

जनित्र कीं एंजिन?:— आतां आमच्या मुख्य मताकडे येतों. ज्यास केवळ पाणी उपसावयाचें आहे, व तें नाल्यांतून, बोडींतून अथवा उथळ विहिरींतून उपसावयाचें आहे, त्यानें जनित्र मुळींच घेऊं नये; डिझेलचें एंजिन सरळ पंपास जोडावें. पंपास ३.७३ किलोवॅट लागतात ते एंजिन सरळ देईल. तेंच काम जनित्रामार्गें करावयाचें तर मोटारीसाठीं ४.६६ किलोवॅट वीज लागते, आणि ती करण्यास, जनित्राची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास, एंजिनानें ५.८ किलोवॅट दिले पाहिजेत. म्हणजे त्याच पाण्यासाठीं दीडपटीहून अधिक इंधन! एंजिनाची शक्ति विजेंत, वीज पुन्हा शक्तींत, या दोन फेऱ्यांची ही हशील आहे. पुणें-किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांनीं ऑईल एंजिन व पंप महाराष्ट्राच्या शेतकऱ्यास ओळखीचे केले त्यास कितीतरी वर्षें लोटलीं. नवें यंत्र आलें म्हणून जुन्याची उपयुक्तता संपत नाहीं. फक्त सोसण्याची उंची सहा-सात मीटरांहून अधिक असेल, किंवा पाणी खोल बोअरमध्यें असेल, तर सरळ एंजिनाचा उपाय चालत नाहीं, व तेथें पाणबुडी मोटार आणि तिच्या मापाचें जनित्र हाच मार्ग राहतो. तसेंच एकाच यंत्रावर आज पंप, उद्यां उफणणीचा पंखा, परवां लहान धानगिरणी चालवावयाची असेल तर जनित्राची सोय आम्ही नाकारीत नाहीं. मात्र तीं सर्व एकदम चालवूं म्हणाल तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

सामाईक मालकी:— पांच एकरांच्या शेतकऱ्यानें १५ केव्हीएचें जनित्र घेऊन वर्षांतून पंधरा दिवस चालवावें व उरलेलें वर्ष गोठ्यांत झाकून ठेवावें, हें आम्हांस पटत नाहीं. कर्ज वर्षभराचें व उपयोग पंधरवड्याचा, असा व्यवहार टिकत नाहीं. आपल्या मुलुखांत कोहळ्यांनीं बांधलेले व पुढें मालगुजारी म्हणविले गेलेले तलाव आहेत. मालगुजारी १९५१ सालीं गेली, पण तलावाचें पाणी पाळीनें घेण्याची रीत आपण जाणतों. एका तलावाखालीं जसे अनेक बांधीवाले, तसें एका जनित्राखालीं पांच-सहा शेतकरी कां नसावे? सर्वांच्या पंपांत जो मोठा त्याच्या मापाचें एक जनित्र, चालविण्यास एकच माहितगार माणूस, तासांची वही, व तासागणिक आकार, एवढी व्यवस्था गांवास जड नाहीं. पाळी ठरवितांना ज्याचें पीक गर्भावर त्यास आधीं, हा नियम ठेवावा. तंटे कमी होतील. आमच्या शाखांनीं याकामीं पुढाकार घ्यावा, व प्रत्येक शाखेनें प्रवाह मोजण्याचा एक चिमटा-मीटर सभासदांस वापरण्यासाठीं ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. विक्रेत्यांसहि आमचें सांगणें आहे कीं त्यांनीं सततची शक्ति पावतीवर स्पष्ट लिहून द्यावी. शेतकऱ्यानेंहि ती लिहून घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत.

जीविताची काळजी:— शेवटीं जें सांगतों तें सर्वांत आधीं ध्यानांत ठेवावें. जनित्राची तार घरच्या खटक्यांत खुपसून घर उजळण्याची रीत आहे. वीज मंडळाची तार व घर यांमध्यें चेंज-ओव्हर खटका नसेल तर जनित्राची वीज उलटी वाहिनीवर जाते. गांवाचें रोहित्र तिला उलट दिशेनें चढवून हजारों व्होल्टांची करतें, आणि वाहिनी बंद आहे असें समजून खांबावर चढलेला तारमिस्त्री जागच्या जागीं मरतो. तो आपल्यासाठींच चिखल तुडवीत आलेला असतो. हा खटका ऐच्छिक नव्हे. दुसरें असें कीं पाऊस आहे म्हणून जनित्र ओसरींत किंवा खोलींत घेऊं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेला माणूस झोपेंतच जातो. घरापासून वीस फूट तरी दूर, वाऱ्याच्या उलट अंगास, वर पत्रा टाकून तें ठेवावें. आणि रानडुकरांसाठीं बांधावर जिवंत तार सोडण्यास जनित्र वापरण्याचा विचार कोणीहि मनांत आणूं नये. अशा तारांनीं या जिल्ह्यांत वाघ मेले आहेत, शेतकरीहि मेले आहेत. तो कायद्यानें गुन्हा आहे, व कायद्याहून मोठें पाप आहे. मान्य केलेल्या यंत्रावरील झटक्याचें सौर कुंपण ही निराळी वस्तु आहे. ती जरूर घ्यावी.

नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या बांधींत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या नुसत्या निरखल्या, वेगळ्या ठेवल्या, पुन्हा पेरल्या, आणि त्यांतून एच.एम.टी. धान देशभर गेला. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पाहण्याची व टिपून ठेवण्याची संवय होती. तीच संवय आम्ही यंत्रांच्या बाबतींत मागतों. या महिन्यांत प्रत्येक सभासदानें आपल्या पंपाच्या पाटीवरील अश्वशक्ति, फेज व अँपिअर, आणि स्टार्टरचा प्रकार, एका वहींत उतरून ठेवावा. बाजारांत जावयाचें तें ती वही खिशांत घालूनच जावें. धान निसवण्याच्या दिवशीं जनित्र पुरेल कीं नाहीं, याचें उत्तर आधीं त्या वहींत मिळतें. तें बांधीवर उभें राहून शोधावयाची पाळी आपल्यांपैकीं कोणावर न यावी.